अंगण वाकडे

चार यशस्वी माणसे एकत्र जमली, की थोड्या वेळाने बोलणे आपल्या एकेकाळच्या दैन्याकडे वळते. आपल्या सरकारी मंडळींतही हे चालते. पहिल्या नेमणुकीच्या गावातली गळकी खोली, कंदिलाच्या काजळीत तपासलेले हिशेब, एका पत्र्याच्या ट्रंकेत मावलेला संसार यांचे वर्णन करताना आपला आवाज किती हळुवार होतो! या हळुवारपणात खरेपण किती आणि अहंकार किती, हा प्रश्न मला पडला तो मात्र कचेरीत नव्हे, तर गिटार वाजवणाऱ्यांच्या सहवासात.

1996 साली बदलीच्या फेऱ्यात मी शिलाँगला होतो. त्या गावाला गिटारचे वेड आहे. तेथील गायक लू माजॉ यांनी 1972 पासून दर 24 मे रोजी बॉब डिलनचा वाढदिवस साजरा करण्याचा प्रघात पाडला, एवढे सांगितले म्हणजे त्या वेडाची कल्पना यावी. वाद्ये दुरुस्त करणाऱ्या एका खासी कारागिराच्या खोलीत संध्याकाळी काही प्रौढ वादक जमत. मी त्यांच्यात केवळ श्रोता. एकदा पावसाने सर्वांना अडकवून ठेवले आणि पहिल्या गिटारच्या गोष्टी निघाल्या.

एकाची गिटार प्लायवुडची होती. पावसाळ्यात तिची पाठ सुटून येई, आणि सरस लावून तिच्यावर रात्रभर विटा ठेवाव्या लागत. दुसऱ्याजवळ नव्या तारेला पैसे नसत; सायकलच्या ब्रेकच्या दोरातली एक बारीक तार सोडवून तो ती खुंटीला चढवी. तिसऱ्याला अँप्लिफायर ठाऊक होता तो चित्रातच. घरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओला ग्रामोफोन जोडण्याची जागा होती, तीत त्याने आपल्या गिटारची वायर खुपसली. बातम्यांची वेळ झाली, की वडील ती उपटून टाकीत. खोली हसण्याने भरून गेली. शेवटी एकजण म्हणाला, "आताच्या मुलांना सारे आयते मिळते, म्हणून त्यांच्या बोटांत जीव नाही." सर्वांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

माझ्या मान डोलावण्याला कारण होते. माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने गिटारचा हट्ट धरला, तेव्हा मी दुकानातली सर्वांत स्वस्त गिटार आणली होती. तिच्याहून चांगली तेथे होती आणि मला ती परवडली असती. पण सोसल्याशिवाय विद्येची किंमत कळत नाही, अशी माझी पक्की समजूत. दोन महिन्यांत मुलगी म्हणू लागली, "बाबा, बोटे फार दुखतात, आणि सूरही नीट लागत नाही." मी तिला आपली जुनी म्हण ऐकवली: नाचता येईना, अंगण वाकडे. त्यानंतर तिने तक्रार केली नाही. काही दिवसांनी तिने गिटार कपाटावर ठेवून दिली.

थोरांची चरित्रे माझ्या समजुतीला पुष्टी देत, असे मला वाटे. जॉन लेनन पुढे जगप्रसिद्ध झाला. पण 6 जुलै 1957 रोजी, पॉल मॅकार्टनीची आणि त्याची पहिली भेट झाली त्या दिवशी, त्याच्या हातात दक्षिण आफ्रिकेत बनलेली एक स्वस्त गिटार होती. ती तडकणार नाही, अशी हमी देणारी चिठ्ठी तिच्या आत चिकटवलेली होती. 1999 साली लिलावात त्याच गिटारला लाखाहून अधिक पौंड आले. त्याचा सहकारी जॉर्ज हॅरिसन याची पहिली गिटार साडेतीन पौंडांची. मग स्वस्त वाद्यातूनच मोठा वादक घडतो, हे सिद्ध झाले नाही काय?

दुसऱ्या आठवड्यात मी मुलीची गिटार त्या कारागिराकडे नेली. विकता आली तर पाहावी, एवढाच हेतू. त्याने पोलादी पट्टी घेऊन बाराव्या पडद्यापाशी तारेची उंची मोजली. ती सहा मिलिमीटर भरली. साधारण अडीच-तीन मिलिमीटर असावी, असे तो म्हणाला. मग त्याने तार दाबून दाखवली. इतक्या उंचीवरून दाबताना तार ताणली जाते आणि स्वर चढतो. मुलीने नेमक्या जागी, रक्त येईपर्यंत बोट दाबले असते, तरी सूर चुकलाच असता. कारागिराने अर्ध्या तासात घोडीवरची पट्टी घासून तारा खाली घेतल्या, आणि तेच वाद्य सुरात बोलू लागले.

अंगण खरोखरच वाकडे होते. ते सरळ करायला अर्धा तास पुरेसा होता. त्याऐवजी मी मुलीला म्हण ऐकवली.

त्या दिवसानंतर त्या आठवणींचा अर्थ मला निराळा दिसू लागला. त्या पावसाळी संध्याकाळी खोलीत बसलेले सारे टिकलेले होते. ज्यांची बोटे सोलवटली आणि ज्यांनी वाद्य खाली ठेवले, ते तेथे नव्हते. त्यांची गोष्ट सांगायला कोणी आले नव्हते. टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. पण त्याच घावांनी जे दगड फुटले ते खाणीतच पडून राहतात, आणि त्यांची पूजा कोणी करीत नाही. उरलेल्या मूर्तीकडे बोट दाखवून टाकीची थोरवी गाणे सोपे असते.

हॅरिसनची गोष्टही मी अर्धीच ध्यानात ठेवली होती. त्याने एकदा कुतूहलाने त्या गिटारच्या दांडीचा स्क्रू काढला आणि दांडी सुटून आली. ती त्याला परत बसवता येईना, म्हणून वाद्य कपाटात गेले. पुढे त्याच्या थोरल्या भावाने ते दुरुस्त करून दिले. तो भाऊ नसता तर? ब्रायन मेने 1963 साली वडिलांबरोबर घरीच गिटार करायला घेतली. दांडीला जुन्या चुलाण्याच्या चौकटीचे लाकूड, खुणांना शिंपल्याची बटणे, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. खर्च नाममात्र, पण दोन वर्षे दोघांनी मापात कसूर केली नाही. तिच्यात गरिबी होती, वाकडेपणा नव्हता. माझ्या घरी पैसा होता आणि वडिलांचे लक्ष नव्हते.

यावर कोणी म्हणेल, की दोषातूनही कला जन्मते. 1964 साली डेव्ह डेव्हीसने आपल्या लहानशा अँप्लिफायरच्या स्पीकरचा कागद ब्लेडने चिरला, आणि त्यातून निघालेला खरखरीत आवाज जगाने डोक्यावर घेतला. खरे आहे. परंतु ते ब्लेड त्याच्या स्वतःच्या हातात होते. स्वतः पत्करलेले न्यून आणि दुसऱ्याने लादलेले न्यून यांत, उपास आणि उपासमार यांत असते तेवढेच अंतर आहे.

म्हणून त्या पहिल्या गिटारवरील प्रेम मला खोटे वाटत नाही. ते कृतज्ञतेचे असते, आणि बहुधा त्या वाद्यामागे उभ्या असलेल्या कोणा माणसाविषयीचे असते. ते खोटे होते ते त्याचा नियम केला म्हणजे. आपल्या कष्टांचा अभिमान धरण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. ते दुसऱ्याला नेमून देण्याचा हक्क कोणालाही नाही. 'आम्ही कंदिलावर काम केले, मग यांना पंखा कशाला?' या भावनेने आपण किती फाइलींवर नकार लिहिला असेल, हे ज्याचे त्याने आठवावे. मी माझे काही आठवले आहेत.

दुरुस्त झालेली गिटार मी घरी आणली, तेव्हा मुलीने एकदा तारा छेडल्या, चांगली लागली आहे म्हणाली, आणि अभ्यासाला गेली. ओढीची वेळ निघून गेली होती. आज ती स्वतः आई आहे. गेल्या महिन्यात तिचा फोन आला: "बाबा, पोराला गिटार हवी आहे. साधीच घेऊ ना?" मी म्हटले, "साधीच घे. पण दुकानातून बाहेर पडण्यापूर्वी तारांची उंची मोजून घे. आणि तो बोटे दुखतात म्हणाला, तर आधी गिटार पाहा."

ती क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "हो बाबा, पाहीन."