लिअर पूर्व युरोपात जातो तेव्हा

डिसेंबर 1955 मध्ये एक अमेरिकन मंडळी लेनिनग्राडला उतरली. जवळपास सगळे नट-गायक कृष्णवर्णीय, वृत्तांत लिहायला सोबत ट्रुमन कपोटी आणि खेळ गर्श्विनचा ‘पोर्गी अँड बेस’. गंमत पैशांची होती. 1952 मध्ये याच मंडळीला व्हिएन्ना-बर्लिनला पाठवणाऱ्या अमेरिकी परराष्ट्र खात्याने रशियासाठी हात आखडता घेतला. खर्च उचलला सोव्हिएत सरकारने. आमचे कृष्णवर्णीय कलावंत जगभर मानाने हिंडतात, हे अमेरिकेला मिरवता येणार होते. सोव्हिएतांच्या दृष्टीने जुगार, खून आणि दारिद्र्याने ग्रासलेली त्या खेळातली कृष्णवर्णीय वस्ती म्हणजे अमेरिकेने स्वतःच दिलेला कबुलीजबाब. खेळ एकच, प्रचार दोन्हीकडचा.

पाठवणाऱ्याचा हेतू असा असेल, तर प्रेक्षकाला मिळणारा रसही डागाळतो का?

परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला गीता राजस म्हणते. 27 जानेवारी 1958 रोजी झालेला अमेरिका-सोव्हिएत सांस्कृतिक करार तर उघडउघड देवाणघेवाणीचाच होता. पण दानाची प्रत दात्याच्या मनावरून ठरते. नाटकाची तशी ठरत नाही. ते पुरे होते प्रेक्षकात.

1964 मध्ये रॉयल शेक्सपियर कंपनीने पीटर ब्रूकचा ‘किंग लिअर’ प्राग, बुडापेस्ट, वॉर्सा करत मॉस्कोपर्यंत नेला. लिअर होता पॉल स्कोफिल्ड. पुढे ‘द एम्प्टी स्पेस’मध्ये ब्रूकने लिहिले, की प्रयोग सर्वांत चढला तो बुडापेस्ट ते मॉस्कोच्या टप्प्यात. प्रेक्षकांना इंग्रजी फारसे येत नव्हते. पण परदेशी माणसाला भेटण्याची भूक होती आणि गेल्या काही वर्षांत सोसलेले गाठीशी होते. नंतर फिलाडेल्फियात भाषा कळणारा प्रेक्षक समोर होता, तरी ते लक्ष, तो ताण नव्हता. ही साक्ष खुद्द दिग्दर्शकाची, तेव्हा थोडे कमी-जास्त धरावे. तरीही ती सहज बाजूला सारता येत नाही.

कारण ती थेट रससिद्धान्ताचे भाष्यकार अभिनवगुप्त यांच्याशी भिडते. रसास्वादाची सात विघ्ने त्यांनी सांगितली, त्यांत एक आहे स्वतःच्याच सुखदुःखात बुडून जाणे. ज्याचे मन घरच्या दुःखात अडकले, त्याला नाटक कसे लागणार? म्हणून गीत, वाद्य, नृत्य यांनी त्याला त्यातून बाहेर काढायचे. वॉर्सा-बुडापेस्टच्या प्रेक्षकांना तर असे काढण्याची गरजच पडली नाही. शहर बेचिराख झालेले, रणगाडे दारात आलेले त्यांनी पाहिले होते. वादळात उघड्यावर पडलेला म्हातारा राजा त्यांना कुणी समजावून द्यावा लागला नाही.

अभिनवगुप्तांच्या बाजूने म्हणता येईल, की ते दुःख एव्हाना एकट्याचे उरले नव्हते, अख्ख्या शहराचे झाले होते. साधारणीकरण, म्हणजे एकट्याची भावना सर्वांची होणे, नाट्यगृहाबाहेरच घडून गेले होते. युक्तिवाद चांगला आहे. पण मग प्रेक्षकाने आपले दुःख चपलांसारखे बाहेर ठेवून यावे, ही अट टिकत नाही. ब्रिटनने लिअर पाठवला तो आपली शान दाखवायला, यात शंका नाही. त्या सभागृहांत मात्र त्या शानीचे कुणाला फारसे पडले नसावे. आणि ब्रूकचे म्हणणे खरे मानले, तर अभिनवगुप्तांच्या यादीतले ते एक विघ्न निदान या दौऱ्यापुरते तरी रद्द धरावे लागते.