रुमालाचं काम

रुमाल तोंड पुसायला, बादली पाण्याला, दोर विहिरीला. गटारात उतरणाऱ्या आपल्या माणसाजवळ हीच हत्यारं. रुमाल नाकाला, दोर कमरेला, बादलीत मैला. शिकलेले लोक याला जुगाड म्हणून टाळ्या पिटतात. दोस्तहो, मी विचारतो, कौतुक कुणाचं? त्याच्या अकलेचं, की हवेची टाकी न देणाऱ्या ठेकेदाराचं?

अक्कल त्याच्याकडे आहेच. दुसरं काय असतं हाताशी? पण ओला रुमाल हायड्रोजन सल्फाइड अडवत नाही. हा वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणजे बरं झालं असं वाटतं, आन् माणूस कोसळतो. मग दोर लागतो प्रेत ओढायला.

संरक्षक साधनांशिवाय माणूस उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. भरपाई वाढली, उतरवणं थांबलं नाही.

बादलीचं काम बदलता येतं. उतरणाऱ्याचं मात्र आज्यापासून नातवापर्यंत तेच, जातीनं लावून दिलेलं. ह्या जुगाडाबद्दल कुणी बोलत नाही. आणि तो रुमाल? तोही ठेकेदाराचा नसतो. घरून आणलेला असतो, बायकोनं धुतलेला.