विचारावे की न विचारावे?

दुःख बोलून दाखविले म्हणजे हलके होते, या समजुतीवर आमचीही श्रद्धा होती. बदली होऊन आम्ही भुजला आलो आणि ती एका माणसावर आजमावून पाहिली.

आमचे एक वयस्क सहकारी अंजारचे. २६ जानेवारी २००१ च्या सकाळी भूकंप झाला तेव्हा अंजारच्या अरुंद गल्लीतून प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत चाललेली शाळकरी मुले दोन्ही बाजूंची घरे कोसळून गाडली गेली. या गृहस्थांचा मुलगा त्यांत होता. ध्वजवंदन झाल्यावर ते चहापानासाठी कधी दालनात येत नसत. फाटकापाशीच उभे राहत. एका वर्षी आम्ही त्यांना गाठून म्हणालो, "भाई, एकदा सारे सांगून टाका. मन मोकळे होईल." त्यांनी सांगितले, अगदी तपशीलवार. पुढे आठ दिवस ते कामावर आले नाहीत.

आम्ही विचारले ते करुणेने की कुतूहलाने? दोन्हीही असावीत, प्रमाण किती, हे स्वतःशीही कबूल करणे कठीण जाते.

ही चूक जाणत्यांच्या हातूनही झाली आहे. आघातानंतर लवकरच एका बैठकीत सारे वदवून घेण्याची रीत १९८० नंतरच्या काळात पाश्चात्त्य देशांत रूढ झाली. पुढे भाजलेले रुग्ण व रस्त्यावरील अपघातांतील जखमी यांच्यावर तिची परीक्षा झाली, तेव्हा लाभ दिसला नाहीच. उलट बैठक झालेल्यांचीच स्थिती अधिक वाईट आढळली. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०११ च्या मार्गदर्शिकेत म्हणूनच स्पष्ट सांगितले आहे, की हकीगत सांगण्याचा आग्रह धरू नये. जवळ असावे, बोलेल ते ऐकावे, अन्नपाणी आणि आप्तांची गाठ यांची सोय पाहावी.

मात्र यावरून मौनाचे स्तोत्र गाण्यास आम्ही तयार नाही. "उगाच जखम कशाला उघडा?" असे म्हणून अंग काढून घेणारे आमच्या कचेरीत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या हळुवारपणात भित्रेपणाचा अंश बराच असतो. आग्रह जसा आपल्या सोयीचा, तसेच हे मौनही. दुखावलेल्याला बोलण्याची मुभा हवी तशी थांबण्याचीही. आम्ही त्यांच्याकडून दुसरी काढून घेतली होती.

अलीकडे २६ जानेवारीला आम्ही दोन पेले घेऊन फाटकापाशी जातो. गेल्या खेपेस मुलाच्या पतंगांविषयी ते आपण होऊन दोन वाक्ये बोलले. मग त्यांनी महागाईभत्त्याचा विषय काढला. आम्हीही तोच पुढे चालविला.