'मॅनेजमेंट' आणि 'मॅनेज': कर्त्याचा लोप

इंग्रजीतील 'मॅनेज' हे क्रियापद मूळचे इटालियन. घोडा हाताळणे, त्याला वळण लावणे हा त्याचा पूर्वार्थ. त्याच्या मुळाशी 'हात' आहे. सातारा-सांगलीच्या मराठीत या शब्दाला दोन परस्परविरोधी अर्थवलये लाभली आहेत. 1910 मध्ये औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसली. स्वातंत्र्यानंतर कृष्णाकाठी सहकारी साखर कारखाने उभे राहिले. या कारखानदारीच्या व्यवहारात 'मॅनेजर', 'चेअरमन', 'एम. डी.' हे शब्द रुळले आणि 'मॅनेजमेंट' हे नाम प्रतिष्ठित झाले. त्याच मुलखात क्रियापदाची मात्र अप्रतिष्ठा झाली. निकाल आधीच ठरलेली कुस्ती 'मॅनेज' असते. ऐनवेळी माघार घेणारा उमेदवार 'मॅनेज झालेला' असतो.

नामाला आदर आणि क्रियापदाला तिरस्कार, या विभागणीत लोकभाषेने सत्तेची केलेली समीक्षा दिसते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु वाक्यरचना पाहिली की हा निष्कर्ष टिकत नाही. 'मॅनेजमेंटने ठरवले' या वाक्यात कर्ता आहे, पण त्याला चेहरा नाही. 'उमेदवार मॅनेज झाला' या वाक्यात ज्याच्यावर क्रिया घडली तोच कर्त्याच्या जागी येऊन बसतो. करणारा हात वाक्याबाहेरच राहतो. दोष विकल्या गेलेल्याच्या माथी येतो, विकत घेणारा निर्दोष सुटतो. म्हणजे अधिकृत भाषा आणि तिची टवाळी करणारी भाषा, दोन्ही एकाच ठिकाणी मौन पाळतात.

हा दोष परकीय शब्दाचा मानावा काय? 1960 मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाने पदनाम कोश सिद्ध केला; 'व्यवस्थापक', 'कार्यकारी संचालक' असे शब्द दारावरच्या पाट्यांवर आले. तथापि 'व्यवस्थापनाने निर्णय घेतला' हे वाक्य तितकेच चेहराहीन आहे. शब्द बदलल्याने उत्तरदायित्व निर्माण होत नाही.

जुना शब्द 'कारभारी'. व्युत्पत्ती काहीही असो, मराठी कानाला त्यात 'भार' ऐकू येतो आणि हा भार कोण्या एका माणसाच्या खांद्यावर असतो. या भागात घरधन्यालाही 'कारभारी' म्हणतात. मात्र त्याचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही: कारभाऱ्याचा चेहरा ठाऊक असला तरी त्याला जाब विचारण्याचा अधिकार रयतेला क्वचितच होता.

सहकारी कारखान्याच्या सभासदाला हा अधिकार कायद्याने मिळाला. तो ऊस घालणारा आहे, तसाच भागधारकही आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेत उभे राहून तो विचारू शकतो. तरीही सभेहून परतताना तो 'सभा मॅनेज झाली' एवढेच म्हणत असेल, तर त्याने आपला प्रश्न स्वतःच व्याकरणाच्या स्वाधीन केला आहे. 'कोणी केली?' हा प्रश्न त्या वाक्यात मावत नाही. नैतिक विचाराचा आरंभ मात्र त्याच प्रश्नापासून होतो.