आजारी माउली आणि तिचे लेकरू

आपण वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतो, ज्ञानोबारायांना माउली म्हणतो, वारीच्या वाटेवर अनोळखी माणसालाही माउली म्हणतो. त्यामुळे आई म्हणजे कधी न थकणारी, अशी आपली समजूत होऊन बसते. पण घरातली आई देहधारी आहे, आणि देहाप्रमाणे मनालाही रोग होतात.

बाळंतपणानंतर काही बायांचे मन खचते. झोप उडते, रडू आवरत नाही, लेकराला जवळ घेण्याचेही अवसान राहत नाही. हजारात एकदोघींना, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत, भ्रम होऊ लागतात. घरचे म्हणतात, "बाहेरचं लागलंय," नाहीतर, "हिला मायाच नाही." वास्तविक हा आजार आहे, आणि तो उपचाराने बरा होतो.

मग लेकरू तिच्यापासून काढून घ्यावे काय? घरच्यांची भीती खोटी नसते. तरीपण बंगळूरच्या निम्हान्स रुग्णालयात २००९ पासून आई व तान्हे बाळ यांना एकत्र ठेवणारा कक्ष चालतो. आईवर उपचार होतात, बाळ जवळ असते. देखरेखीखाली त्याचे करता करता तिचा हात पुन्हा बसतो. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदाही सांगतो की, तीन वर्षांखालील मूल उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा तोडू नये. धोका असेल तर तात्पुरते दूर ठेवावे, पण भेटू द्यावे, आणि दर १५ दिवसांनी फेरविचार करावा.

आमच्या नवी मुंबईत कितीतरी कुटुंबे घाटावरून, कोकणातून आलेली. सासू गावी, माहेर दूर, नवरा पाळीवर. बाळंतीण दाराआड एकटी. जनाबाई दळताना देवाने तिची भक्ती मोजली नाही, तो जात्याशी बसला. आपणही तसेच करावे. तासभर बाळ सांभाळावे, तिला झोपू द्यावे, डॉक्टरांकडे सोबत जावे. टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी दूरध्वनीवर विचारावे. भ्रम किंवा मरणाची भाषा दिसली तर तिला एकटी न सोडता तडक रुग्णालय गाठावे. नाम जरूर घ्यावे, पण त्यापायी औषध टाळू नये.

लेकराला आई हवी, हे सारेच म्हणतात. मायबापहो, आजारी आईलाही आई हवी असते. ती आपण व्हावे, एवढीच संतचरणी प्रार्थना.