चंद्रोदय कोणत्या मजल्याचा?

कालनिर्णयात संकष्टीचा चंद्रोदय रात्री साडेनऊचा असला, तर आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत तो अकराला होतो. पूर्वेला काचेच्या कचेऱ्यांची रांग आहे. तिथे गिरण्यांची धुराडी होती तेव्हा चंद्र त्यांच्याआड गेला तरी चार-पाच मिनिटांत सुटायचा. 1982च्या संपानंतर गिरण्या मोडीत निघाल्या, आणि कमला मिलसारख्या पत्त्यांपुरती मिल उरली.

मी शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळे हिशेब केल्यावाचून राहवत नाही. चंद्र तासाला साधारण 14 अंश वर चढतो. अर्ध्या किलोमीटरवर 200 मीटर उंच इमारत उभी राहिली की क्षितिजापासून जवळजवळ 22 अंश आकाश गेलं. म्हणजे दीड तासाचा उपास वाढला.

सासूबाई म्हणतात, पावसाळ्यात ढग असले की आपण घड्याळ बघूनच अर्घ्य देतो ना? मग टॉवर हा बारमाही ढग समज आणि जेवून घे. शास्त्राला धरूनच बोलतात त्या, आणि त्यांना मधुमेह असल्याने त्यांनी तसंच करावं. मला मात्र ते पुरतं पटत नाही. ढगाचा नकाशा कुणी मंजूर केलेला नसतो. ढगाने चंद्र झाकला तर देवाची मर्जी म्हणून हात जोडता येतात. टॉवरपुढे कुणाला जोडायचे?

व्रताला साक्ष कुणाची हवी, डोळ्याची की गणिताची? व्यंकटेश बापूजी केतकर आणि लोकमान्य टिळक यांचा आग्रह होता की पंचांगातलं गणित आकाशाशी पडताळून जुळलं पाहिजे. त्यांच्या काळी आकाश समोर होतं, गणित चुकत होतं. आता गणित मिनिटाला बरोबर आहे, पण पडताळायचं कशाशी? मी थांबते. जास्त पुण्य मिळतं म्हणून नव्हे, तसली वही गणपती ठेवत असेल असं वाटत नाही. पण नुसत्या घड्याळाकडे बघत ताटकळायचं तर त्याला व्रत कशाला, परळ स्टेशन आहेच.

त्यातच माझा भाचा त्या रांगेतल्याच एका कचेरीत, बत्तिसाव्या मजल्यावर, रात्रपाळी करतो. उंचावरून क्षितिज खाली जातं, म्हणून त्याचा चंद्र पंचांगाच्याही मिनिट-दीड मिनिट आधी उगवतो. दुबईत 828 मीटरच्या बुर्ज खलिफासाठी 2011 साली धर्माधिकाऱ्यांनी असाच प्रश्न सोडवला: 80व्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायचा, 150च्या वर तीन, कारण त्यांचा सूर्य उशिरा मावळतो. डोळ्याचा मान राखणारा हा निकाल मला आवडला. पण तोही वर राहणाऱ्यांपुरताच आहे. इमारतीच्या मागे राहणाऱ्यांनी काय करायचं हे त्यांना कुणी विचारलं नसावं, आणि आमच्याकडे तर विचारायचं कुणाला हेच ठरलेलं नाही.