चौऱ्याऐंशी अधिक चौदा

8 ऑगस्ट 2021 च्या रात्री मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले, की 15 ऑगस्टपासून मुंबईची लोकल सर्वसामान्यांसाठी पुन्हा सुरू होईल. त्यासाठी लशीचे दोन्ही डोस झालेले असावेत आणि दुसऱ्या डोसनंतर 14 दिवस उलटलेले असावेत, एवढीच अट होती. एप्रिलमध्ये दुसऱ्या लाटेत सामान्य प्रवाशांसाठी बंद झालेले फलाट उघडणार म्हटल्यावर विरार-डोंबिवलीकडच्या घरांत हायसे वाटले. मग ज्याने त्याने बोटांवर हिशेब मांडला आणि निम्म्या घराचा चेहरा उतरला.

हिशेब साधा होता. कोव्हिशील्डच्या दोन डोसांमधले अंतर 13 मेपासून 12 ते 16 आठवडे झाले होते, म्हणजे कमीत कमी 84 दिवस. त्यात पुढचे 14 मिळवले की 98. 15 ऑगस्टपासून 98 दिवस मागे मोजत गेले की तारीख येते 9 मे. कोव्हिशील्ड घेणाऱ्यांपैकी ज्याचा पहिला डोस त्या तारखेपर्यंत झाला, त्यालाच पहिल्या दिवशी गाडी मिळणार होती. आता त्या मे महिन्यात काय चालले होते तेही आठवून पाहावे. 18 ते 44 वयोगटाचे लसीकरण 1 मेला सुरू झाले, कोविन पोर्टलवरचे स्लॉट डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपत, आणि 12 मेपासून तर राज्याने या वयोगटाचे लसीकरण थांबवले. पुरवठा अपुरा होता, त्यामुळे 45 वर्षांवरच्या ज्यांचा दुसरा डोस रखडला होता त्यांच्याकडे हा साठा वळवावा लागला. ते चुकीचे नव्हते. पण त्याचा अर्थ असा, की ज्या वयोगटावर मुंबईतली दुकाने, कार्यालये आणि कारखाने चालतात त्यातल्या बहुतेकांना सरकारी केंद्रावर लस मिळू लागली ती जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात. त्यांची गाडी सप्टेंबरअखेरीस.

दरम्यान खासगी रुग्णालयांत पैसे मोजून लस मिळत होती. केंद्राने जूनमध्ये दरांची कमाल मर्यादा ठरवून दिली: कोव्हिशील्ड 780 रुपये, कोव्हॅक्सिन 1410. ज्याला हे दर परवडत होते, किंवा ज्याच्या कंपनीने आवारातच लसीकरण भरवले होते, त्याचा 98 दिवसांचा काटा आधी फिरू लागला. मेमध्ये तर मुंबई-ठाण्याच्या तरुणांनी पालघरसारख्या भागातल्या गावांतले स्लॉट धरले आणि गाड्या घेऊन तिथल्या केंद्रांवर गेले. गावातल्या माणसाकडे स्मार्टफोन नाही, असला तर नेटवर्क नाही, आणि त्याच्याच आरोग्यकेंद्राबाहेर शहरातल्या गाड्या उभ्या, असा तो देखावा होता. शहरातल्या तरुणांना दोष देऊन उपयोग नाही. रांग अशीच आखली होती.

सर्वांत विचित्र अवस्था होती ती करोना होऊन गेलेल्यांची. आजारातून बरे झाल्यावर तीन महिने लस घेऊ नये, असा केंद्राचा सल्ला मेमध्ये आला. एप्रिलच्या लाटेत सापडलेला आणि 1 मेच्या सुमारास बरा झालेला माणूस हा सल्ला पाळत गेला तर त्याचा पहिला डोस 1 ऑगस्टला, दुसरा 24 ऑक्टोबरला आणि लोकल 7 नोव्हेंबरला. त्या वर्षी भाऊबीज 6 नोव्हेंबरला होती. ज्याच्या शरीराने रोगाशी प्रत्यक्ष झुंज दिली होती आणि ज्याच्या रक्तात प्रतिपिंडे असण्याची शक्यता सर्वाधिक होती, तोच बहिणीकडे जाताना फाटकाबाहेर उभा.

आणि 84 दिवसांचे हे अंतर तरी अटळ होते का? जूनमध्येच केंद्राने शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्यांना आणि ऑलिम्पिकच्या चमूला 28 दिवसांनी दुसरा डोस घेण्याची मुभा दिली होती. टोकियोला जायचे असेल तर 28 दिवस, विरारहून चर्चगेटला जायचे असेल तर 84. अंतर वाढवल्याने प्रतिकारशक्ती चांगली तयार होते, हे शास्त्रीय कारण खरेच होते. अपुरा साठा अधिक लोकांना पुरतो, हे न बोललेले कारणही खरे होते. पण शास्त्रासाठी म्हणून आखलेले वेळापत्रक लोकलच्या फाटकावर लावले, की ते कुणाला रोजगार मिळतो आणि कुणाला नाही याचे वेळापत्रक होते. या बदलाचा विचार कुठल्या बैठकीत झाल्याचे दिसत नाही.

निर्बंध मुळातच मूर्खपणाचे होते, असा याचा अर्थ नाही. करोनाआधी मुंबईच्या उपनगरी गाड्यांतून रोज 75 लाखांहून अधिक लोक जात. गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या गाडीत किती माणसे कोंबलेली असतात हे बोरिवलीला चढू पाहणाऱ्याला सांगावे लागत नाही; तिथे ‘दो गज की दूरी’ हा विनोद ठरतो. तीन महिन्यांपूर्वीच खाटा आणि प्राणवायूसाठी धावाधाव झालेली होती, डेल्टा अजून ओसरला नव्हता. अशा वेळी सरकारने सगळे एकदम उघडण्याऐवजी पायऱ्यापायऱ्यांनी उघडावे, हे समजण्यासारखे आहे. आधीही तसेच केले होते: जून 2020 मध्ये अत्यावश्यक सेवेतले कर्मचारी, ऑक्टोबरात ठराविक वेळेत महिला, फेब्रुवारी 2021 मध्ये वेळेची बंधने घालून सगळे.

प्रश्न आहे तो निकषाचा. लोकल बंद म्हणजे प्रवास बंद असे कधीच नव्हते. बेस्टची बस त्या ऑगस्टात कुणालाही प्रमाणपत्र न विचारता घेत होती, रिक्षा-टॅक्सी घेत होत्या, स्वतःची गाडी असणाऱ्याला तर कुणी अडवतच नव्हते. एक डोस झालेला माणूस सकाळी दोन-अडीच तास बसमध्ये काढत होता, संध्याकाळी तितकेच. त्याची ही दशा नवी नव्हती. जुलै 2020 मध्ये नालासोपाऱ्यात एसटी मिळेना म्हणून प्रवासी रेल्वे रुळांवर उतरले होते, आणि अत्यावश्यक सेवेची खोटी ओळखपत्रे बाळगल्याचे गुन्हेही त्या काळात नोंदले गेले. रोगाला मात्र लोकल आणि बस यांतला फरक कळत नाही.

कागद आणि शरीर यांचे नाते किती तकलादू असते, याचा दाखला मुंबईनेच दिला होता. 30 मे 2021 रोजी कांदिवलीतल्या एका गृहसंकुलात लसीकरण शिबिर झाले. पुढे कळले, की ते बनावट होते. शहरात अशी आणखी शिबिरे झाली आणि 2053 लोक फसवले गेल्याचे राज्य सरकारने उच्च न्यायालयाला सांगितले. लशीऐवजी मिठाचे पाणी टोचले असावे, असा पोलिसांचा संशय होता. त्यांतल्या काहींच्या हाती लसीकरणाचे प्रमाणपत्र पडले. म्हणजे शरीरात लस नाही आणि हातात प्रमाणपत्र आहे. उलट करोनातून उठलेल्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती आहे आणि हातात काहीच नाही. तिकीट खिडकीवरचा माणूस यांतले काय तपासणार? तो प्रमाणपत्रावरचा शिक्का पाहत होता. सुरुवातीला तर एकेरी तिकीटही मिळत नव्हते, मासिक पासच काढावा लागे. महिन्यातून चार दिवस काम मिळणाऱ्यानेही.

प्रवास आणि प्रमाणपत्र यांची ही सांगड मुंबईला नवी नाही. सप्टेंबर 1896 मध्ये मांडवी भागात प्लेगचे निदान झाले, वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. महिन्याभरात साथरोग कायदा आला. रेल्वेने जाणाऱ्यांची तपासणी करण्याचा अधिकार त्या कायद्यातच लिहिलेला आहे, आणि मार्च 2020 मध्ये महाराष्ट्राने तोच कायदा लागू केला. लस घेतलेल्याला प्रमाणपत्र देऊन काही जाचक नियमांतून मोकळीक देण्याची रीतही त्या काळातली. तेव्हाही दोन वाटा दिसल्या. पुण्यात घरात शिरून झडत्या घेण्याचा परिणाम 22 जून 1897 रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर झालेल्या जीवघेण्या हल्ल्यापर्यंत गेला. मुंबईत तिसऱ्या आगाखानांनी चारचौघांत लस टोचून घेतली आणि खोजा समाज त्यांच्यामागे आला.

2021 मध्येही या दोन्ही वाटा एकाच राज्यात, जवळपास एकाच आठवड्यात दिसल्या. नोव्हेंबरात तेव्हाच्या औरंगाबादच्या जिल्हा प्रशासनाने आदेश काढला, की किमान एक डोस नसेल तर रेशन, गॅस आणि पेट्रोल मिळणार नाही. लसीकरणात जिल्हा 36 पैकी 26व्या क्रमांकावर होता, हे त्याचे कारण. त्याच सुमारास आरोग्यमंत्री राजेश टोपे म्हणत होते, की मुस्लिमबहुल भागांत लशीविषयीची भीती घालवण्यासाठी सलमान खानची मदत घेऊ. दुसऱ्या कल्पनेला अनेकजण हसले. पहिल्या कल्पनेला मात्र फारसे कुणी हसले नाही, हे जास्त काळजीचे आहे. रेशनचे धान्य अडवून कुणाला लशीपर्यंत आणणे हा आरोग्याचा कार्यक्रम नव्हे, आणि ज्याचे पोट रेशनवर चालते तोच त्यात सापडतो; पेट्रोल घेणाऱ्याला निदान दुसरा पंप शोधता येतो.

लोकलच्या पासमुळे लोक लशीकडे वळले, असे समर्थन तेव्हाही होत होते आणि आजही होते. काही वळले असतील. पण नेमक्या त्याच ऑगस्ट-सप्टेंबरात पुरवठाही वाढला होता. जूनमध्ये रांगेत उभे राहून हात हलवत परतलेला माणूस सप्टेंबरात लस घेतो, तेव्हा त्याला पासने आणले की साठ्याने, हे वेगळे काढता येत नाही. 21 ऑक्टोबरला देशात 100 कोटी डोस पूर्ण झाले तेव्हा बहुसंख्य राज्यांत लोकलही नव्हती आणि पासही नव्हता.

खरी कसोटी लागली ती जानेवारी 2022 मध्ये. ओमायक्रॉन आला आणि 7 जानेवारीला मुंबईत एका दिवसात 20,971 रुग्ण सापडले. दुसऱ्या लाटेतला सर्वोच्च आकडा, 4 एप्रिल 2021 चा, 11,163 होता. जवळपास दुप्पट रुग्ण, आणि तरीही लोकल थांबली नाही. दोन डोस झालेलेही ओमायक्रॉनने धडाधड आजारी पडत होते, एकमेकांना देत होते. म्हणजे पास हा संसर्ग गाळणारी चाळणी नव्हता हे उघड झाले. पण रुग्णालयांत एप्रिलसारखी दाणादाण उडाली नाही. त्यात ओमायक्रॉनचे स्वतःचे सौम्य रूप होते, आधीच्या लाटांत मिळालेली प्रतिकारशक्ती होती आणि लशीचे मोठे काम होते. मुंबई चालू राहिली ती लोकांच्या दंडात गेलेल्या लशीमुळे. तिकीट खिडकीवर काय दाखवले याच्याशी त्याचा फारसा संबंध नव्हता.

लशीच्या अटीचा आदेश मात्र तसाच होता. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती एम. एस. कर्णिक यांच्या खंडपीठाने राज्याला विचारले, की माजी मुख्य सचिवांनी हे आदेश ज्या पद्धतीने काढले ती कायद्यात बसते का. राज्याने ते मागे घेण्याची तयारी दाखवली आणि 1 मार्चला काढलेल्या नव्या आदेशांत लशीची अट पुन्हा घातली. शेवटी 2 एप्रिलच्या गुढीपाडव्यापासून सगळेच निर्बंध उठले, मास्कसुद्धा ऐच्छिक झाला. 2 मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने बालरोगतज्ज्ञ डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर निकाल दिला. कुणावरही लशीची सक्ती करता येणार नाही. लस न घेतलेल्यांकडून संसर्ग अधिक पसरतो हे दाखवणारी माहिती सरकारांनी मांडलेली नाही, त्यामुळे सार्वजनिक ठिकाणी त्यांना अडवणारे निर्बंध त्या घडीला प्रमाणशीर ठरत नाहीत, असे न्यायालयाने म्हटले. लसीकरण धोरण मात्र अवाजवी नाही, हेही त्याच निकालात आहे.

तोवर मुंबईत फाटक उघडून महिना झाला होता. 10 एप्रिलपासून प्रौढांना खासगी केंद्रांवर पैसे देऊन तिसरा डोस मिळू लागला, पण लोक फारसे फिरकले नाहीत. जुलैत केंद्राला तो 75 दिवसांसाठी मोफत करावा लागला. ज्याला लस म्हणजे लोकलचा पास असे कित्येक महिने शिकवले होते, त्याच्या हाती आता पास होता. साठी ओलांडलेली, मधुमेह असलेली, घराबाहेर फारशी न पडणारी आणि लोकलने कधीच न जाणारी माणसे त्या पासच्या हिशेबात आधीही नव्हती. तिसऱ्या डोसची गरज सर्वाधिक त्यांनाच होती.